आकाशातल्या गोष्टींची किंमत

अजगर एक. बिबट्या एक. गांधीलमाश्यांचं अख्खं पोळं. आणि एक म्मोआतिया, म्हणजे रानात राहणारी, एरवी कुणाच्या हाती न लागणारी परी. न्यान्कोपॉन या आकाशदेवाने आपल्याकडच्या सगळ्या गोष्टींची ही किंमत सांगितली होती. तेव्हा गोष्टी त्याच्याच मालकीच्या, त्यांना नावही त्याचंच: न्यान्कोनसेम. कोकोफू, बेकवाई, असुमेग्या अशी दांडगी गावं विकत घ्यायला आली आणि हात हलवत परत गेली. मग आला क्वाकू अनान्से, म्हणजे कोळी. मोठमोठ्या गावांना जमलं नाही, तुझ्याजवळ काय आहे, असं देवाने विचारलं. अनान्सेने किंमत ऐकून घेतली आणि म्हणाला, वर माझी म्हातारी आई न्सियाही देतो.

घानातल्या असांते लोकांची ही गोष्ट आहे, आणि ती गोष्टींच्याच उगमाची गोष्ट आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या उत्पत्तिकथांवर लिहिताना सृष्टी कशी झाली इथून सुरुवात करायची रीत आहे. मला मात्र या किंमतीपासून सुरुवात करावीशी वाटते. घाना, बेनिन, नायजेरिया या पट्ट्यातल्या उत्पत्तिकथा मन लावून वाचल्या तर एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते: इथे जग आयतं मिळत नाही. कुणीतरी काहीतरी मोजलेलं असतं, वस्तू आणि नग सांगून. आणि मोजणाऱ्याचं नाव त्या वस्तूवर चढतं. कधी चढायला हवं असताना चढत नाही.

अनान्सेचंच बघा. किंमत ठरवून तो घरी आला आणि आपल्या बायकोला, आसोला, विचारत बसला. अजगर कसा धरायचा? ताडाची एक फांदी तोडून आण, थोड्या वेलीही आण, असं तिने सांगितलं. मग दोघं नवराबायको ओढ्याकडे चालत गेली आणि अजगराला ऐकू जाईल अशा बेताने भांडू लागली: ही फांदी त्याच्यापेक्षा लांब आहे, नाही, तोच लांब आहे. अजगराने विचारलं, काय चाललंय? मोजून बघू म्हणून तो स्वतःच फांदीला लागून आडवा झाला, आणि अनान्सेने वेल शेपटीकडून गुंडाळत डोक्यापर्यंत नेली. गांधीलमाश्यांची युक्तीही आसोचीच. वाळका भोपळा घे, पाण्याने भर. अनान्सेने अर्धं पाणी पोळ्यावर शिंपडलं, उरलेलं स्वतःवर ओतून घेतलं, डोक्यावर केळीचं पान धरलं आणि म्हणाला, पाऊस आलाय, माझ्या भोपळ्यात या, भिजणार नाही. माश्या आत गेल्या, भोपळ्याचं तोंड बंद झालं. तिसऱ्या वेळी आसो ‘खड्डा खण’ एवढंच म्हणाली आणि अनान्से म्हणाला, पुरे, कळलं. बिबट्या खड्ड्यात सापडला.

परीचा भाग सावकाश बघण्यासारखा आहे. अनान्सेने लाकडाची अकुआ कोरली. अकुआ म्हणजे चपटा चेहरा असलेली बाहुली. मूल व्हावं म्हणून असांते बायका अशी बाहुली पाठीशी खोचून वागवत. त्याने झाडाचा चिकट चीक आणून बाहुलीच्या अंगभर लावला. यम नावाचा कंद उकडून, कुटून त्याचा ‘एतो’ नावाचा लगदा केला, थोडा बाहुलीच्या हातात ठेवला, थोडा पितळी भांड्यात घालून तिच्यापुढे मांडला. बाहुलीच्या कमरेला दोरी बांधली आणि ओडुम वृक्षाखाली, जिथे पऱ्या खेळायला येतात, तिथे तिला नेऊन बसवलं. ओडुम म्हणजे इमारती लाकडाच्या बाजारात ज्याला इरोको म्हणतात ते झाड. परी आली आणि विचारू लागली, अकुआ, यातलं थोडं खाऊ का? दोरी ओढली गेली, बाहुलीने मान हलवली. खाऊन झाल्यावर परीने आभार मानले. बाहुली गप्प. परीची बहीण म्हणाली, तिच्या रडायच्या जागेवर, म्हणजे तोंडावर, एक ठेवून दे. उजवा हात चिकटला, मग डावा, मग पाय, मग पोट.

ज्यांनी जातककथा वाचल्या आहेत त्यांना इथे पंचावुध राजपुत्र आठवेल. तक्षशिलेहून शिकून परतताना रानात त्याला चिकट केसांचा यक्ष भेटतो. बाण, तलवार, भाला सगळं त्या केसांना चिकटतं, आणि मग दोन हात, दोन पाय आणि डोकं अशा पाच ठिकाणी तो स्वतः अडकतो. चिकटणाऱ्या बाहुलीची गोष्ट आफ्रिकेत आणि अमेरिकेत इतक्या ठिकाणी सापडते की ती मुळात भारतातूनच निघाली असावी, असं काही अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलं. मला त्या वादात निकाल द्यावासा वाटत नाही. अवयव एकामागून एक अडकतात हा सांगाडा दोन्हीकडे आहे, पण अकुआच्या हातातला यमचा लगदा तक्षशिलेच्या वाटेवर मिळत नाही. आणि असांते श्रोत्याला आणखी एक गोष्ट न सांगता कळते: अकुआ हे बुधवारी जन्मलेल्या मुलीचं नाव, क्वाकू हे बुधवारी जन्मलेल्या मुलाचं. आमिष आणि शिकारी एकाच वाराचे.

प्रत्येक नग पोचला की न्यान्कोपॉन त्यावर हात ठेवून एकच वाक्य बोलतो: माझा हात लागला, राहिलं ते राहिलं. पावती झाली, बाकी निघाली. सगळं पोचल्यावर तो दरबार भरवतो. तिथे कोण कोण येतं याची यादी गोष्टीत आहे: कोन्तिरे आणि अक्वाम हे सरदार, आदोन्तेन, ग्यासे, ओयोको, अंकोबेआ, क्यिदोम. ही असांते राज्याची खरीखुरी घडण आहे. आदोन्तेन ही सैन्याची आघाडी, क्यिदोम पिछाडी, ग्यासे राजाच्या घरचं मनुष्यबळ, अंकोबेआ त्याची अंगरक्षक तुकडी. म्हणजे कोळ्याने गोष्टी घेतल्या त्या सगळ्या राज्याच्या साक्षीने. देव जाहीर करतो की आजपासून यांना न्यान्कोनसेम म्हणायचं नाही, अनान्सेसेम म्हणायचं. सातबाऱ्यावर नाव चढलं. आसोचं मात्र नाही, आणि म्हाताऱ्या न्सियाचं तर नाहीच नाही, जिला मुलाने मालासोबत वर दिली. गोष्ट हे लपवत नाही. ऐकणाऱ्या बायका आसोची प्रत्येक युक्ती कानांनी ऐकतात, आणि शेवटी नाव कुणाचं लागलं तेही ऐकतात.

हे सगळं आज आपल्याला इतकं बारकाईने माहीत आहे ते मुख्यतः आर. एस. रॅट्रे या वसाहतीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यामुळे. १९३० साली त्याने असांते गोष्टींचा संग्रह छापला तो ट्वी भाषेतला मूळ पाठ आणि इंग्रजी असा दोन्ही देऊन. मूळ पाठ दिला हे त्याचे मोठे उपकार. त्यामुळे गोष्टीचं दार कसं उघडतं ते शब्दशः टिकलं: ‘येन्से से, न्से से ओ.’ आम्ही जे म्हणतो ते खरंच तसं म्हणत नाही हो, खरंच तसं म्हणत नाही. हे वाक्य नम्रपणासाठी नाही, ते संरक्षण आहे. गोष्टी सांगायच्या त्या अंधार पडल्यावरच, आणि त्या वेळात एरवी ज्यांच्याबद्दल तोंड उघडायचं नाही त्या सगळ्यांची टर उडवायला मोकळीक असे: आकाशदेवाची, धाकट्या देवांची, पुजाऱ्यांची, सरदारांची. कुणी गाऱ्हाणं घेऊन बसला असेल तर तो ज्याच्याबद्दल गाऱ्हाणं आहे त्याच्यासमोरच, माणसाच्या जागी प्राणी घालून, ते गोष्टीत सांगून मोकळा होई. आधी ‘तसं म्हणत नाही’ म्हटलेलं असल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यावरून भांडण काढता येत नसे.

गोष्ट बंद होते तेही तितकंच ठरलेलं. ही माझी गोष्ट मी सांगितली. गोड असो, गोड नसो, थोडी घेऊन जा आणि थोडी माझ्याकडे परत येऊ द्या. आपली कहाणी साठा उत्तरांची, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते. तिथे गोष्ट पुरी झाली, फळाला आली. असांते गोष्ट उसनी दिली जाते, वाटीभर साखर द्यावी तशी, आणि परत येण्याची वाट बघितली जाते.

मधल्या भागात एक गोष्ट घडते जी छापील संग्रहांतून बहुतेक गळून गेली. तिला म्मोगुओ म्हणतात. गोष्ट रंगात असताना ऐकणाऱ्यांतलाच कुणी सांगणाऱ्याला थांबवतो आणि गाणं सुरू करतो. बाकीचे टाळ्यांनी, ठेक्याने ते उचलतात, कुणी उठून नाचतं, आणि मग सांगणारा पुन्हा धागा हातात घेतो. हे गाणं गोष्टीतलंच असेल असं नाही. श्रोत्यांना झोप येऊ लागली, सांगणारा फार लांबण लावू लागला, किंवा एखादा प्रसंग फारच आवडला, तर म्मोगुओ येतं. ही गोष्टीची लगाम श्रोत्यांच्या हातात ठेवण्याची सोय आहे. आता विचार करा, दिवसाउजेडी, टेबलाशी, वही उघडून बसलेल्या एका साहेबासमोर हीच गोष्ट सांगितली तर काय होईल? थांबवणारं कुणी नाही, गाणं उचलणारं कुणी नाही. सांगणारा घटना सांगतो आणि मोकळा होतो. दोन तासांची गोष्ट दोन पानांत मावते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की ही लहान मुलांची, ‘कोळ्याचं डोकं लहान का’ एवढं सांगणारी गोष्ट आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गोष्टींना इसापनीतीच्या रांगेत बसवण्याची चूक इथून सुरू झाली, असं माझं ठाम मत आहे.

घानाच्या नाटककार एफुआ सदरलंड यांना हे नेमकं कळलं होतं. १९६०च्या दशकात त्यांनी घानाच्या किनारपट्टीवरच्या सेंट्रल रीजन या प्रांतातल्या एकुम्फी आत्विया या फान्ते गावात गावकऱ्यांबरोबर कोजिदान, म्हणजे गोष्टीघर, उभं केलं, आणि आपल्या नाटकांत म्मोगुओची जागा तशीच राखली; फान्ते उच्चारात तिला म्बोगुओ म्हणतात. नट थांबतो, समूह गातो, नाटक पुढे सरकतं. पुस्तकाने जे गाळलं ते रंगमंचाने परत घेतलं.

शेजारपाजारीही दार उघडायच्या रीती आहेत. एवे लोकांत सांगणारा म्हणतो, मिसे ग्ली लो, गोष्ट ऐका. समोरून उत्तर येतं, ग्ली नेवा, येऊ दे. हौसा लोकांत उत्तर येतं, ता झो मु जी: येऊ दे, ऐकू. योरुबांत ‘आलो ओ’ला ‘आलो’ असा प्रतिसाद. समोरून उत्तर आल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही, हे सगळीकडे सारखं.

पण एक भेद पक्का ध्यानात ठेवायला हवा, कारण तो विसरल्यामुळे सर्वांत जास्त घोळ झालेत. अनान्सेसेम हे ‘आम्ही खरं म्हणत नाही’ असं सांगून म्हटलेलं असतं. असांते लोकांची स्वतःची उत्पत्ती मात्र या खात्यात येत नाही. ती अशी सांगतात: फार पूर्वी एका सोमवारी रात्री एका किड्याने जमीन पोखरून वर भोक पाडलं, आणि त्यातून सात पुरुष, काही बायका, एक बिबट्या आणि एक कुत्रा बाहेर आले. सगळ्यांत पुढे आदू ओग्यिनाए होता. वरचं जग बघून बाकीचे घाबरले, त्याने एकेकाच्या अंगावर हात ठेवून त्यांना शांत केलं. मंगळवारी घरं बांधायला सुरुवात झाली आणि बांधताना झाड अंगावर पडून तोच मेला. ही जागा असांतेमान्सो, आणि ती पवित्र मानली जाते. इथे ‘येन्से से’ नाही. हे खरं म्हणून सांगायचं असतं. बेनिनमधल्या फॉन लोकांकडे तर दोन वेगळे शब्दच आहेत: ह्वेनोहो म्हणजे घराण्याची, देवांची, राज्याची कहाणी, आणि हेहो म्हणजे रात्रीची गोष्ट. योरुबांत तसंच इतान आणि आलो. दोन्हींना ‘लोककथा’ म्हणून एकाच पिशवीत घालणं म्हणजे खरेदीखत आणि लावणी एकाच फायलीत लावणं.

खरेदीखत हा शब्द मी जपून वापरतोय. योरुबांची उत्पत्तिकथा घ्या. सुरुवातीला वर आकाश, खाली पाणी आणि दलदल. ओलोदुमारे या सर्वांत वरच्या देवाने ओबाताला या देवाला खाली जमीन करायला पाठवलं. सामान नेमकं होतं: उतरायला साखळी, गोगलगाईच्या शंखात भरलेली माती, पाच बोटांची कोंबडी, ताडाचं बी. वाटेत ओबाताला ताडी प्यायला आणि झोपला. ओदुदुवा या दुसऱ्या देवाने सामान उचललं, उतरला, माती पाण्यावर ओतली, कोंबडी सोडली. ती पायांनी माती उकरत पसरत गेली, आणि जिथवर माती पसरली तिथवर जमीन झाली. गावाचं नाव इले-इफे, ‘पसरलेलं घर’, यावरूनच पडलं असं सांगतात. साधी कोंबडी चार बोटांची असते; एक बोट जास्त म्हणजे उकरायला एक नखी जास्त. कथा सांगणाऱ्यांनी आधी कोंबडी नीट पाहिली होती.

ओबातालाला पुढे माणसांचे देह घडवायचं काम मिळालं. चिखलातून तो हातपाय, पाठ, चेहरा घडवतो, प्राण फुंकणं वरच्याकडे. ताडीच्या नशेत त्याने घडवलेले काही देह वाकडे झाले, कुणाची पाठ, कुणाचे डोळे. शुद्धीवर आल्यावर त्याने ताडी सोडली, आणि अपंग माणसं त्याच्या रक्षणाखाली आली. आजही ओबातालाचे उपासक ताडीला शिवत नाहीत. एका देवाच्या चुकीची किंमत त्याचे भक्त पिढ्यानपिढ्या स्वतःच्या जिभेने मोजतात, हे मला फार विलक्षण वाटतं.

पण हीच माती आणि हीच कोंबडी दुसऱ्या गावात गेली की गोष्ट बदलते. सॅम्युअल जॉन्सन या, ओयो या योरुबा राज्यातल्या, पाद्र्याने १८९७ मध्ये आपल्या लोकांचा इतिहास लिहून संपवला. हस्तलिखित गहाळ झालं, भावाने टिपणांवरून ते पुन्हा उभं केलं आणि १९२१ मध्ये ते छापलं गेलं. त्यात ओदुदुवाच्या नातवंडांमधली वाटणी आहे. बेनिनच्या (हा बेनिन देश नव्हे, आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य) राजाला पैसा मिळाला, इलाच्या ओरांगून या राजाला बायका, साबेच्या राजाला गुरं, पोपोच्या राजाला मणी, ओवूच्या राजाला वस्त्रं, केतूच्या राजाला मुकुट. धाकट्या ओरान्यानच्या वाट्याला काय उरलं? नुसती जमीन. तो समाधानाने जमीन घेऊन बसला आणि भावांना म्हणाला, तुम्ही सगळे माझ्या जागेत राहता, भाडं द्या. भाड्यात त्याला पैसा, बायका, गुरं, मणी, वस्त्रं, मुकुट सगळंच मिळत गेलं. ओरान्यान हा ओयोच्या राजवंशाचा मूळपुरुष. ओयोने आपलं साम्राज्य असं समजावलं. इफेवाल्यांच्या तोंडी जमीन ओदुदुवाने केली. ओयोवाल्यांच्या तोंडी ती त्यांच्या पूर्वजाच्या नावावर चढली. कोणता पाठ खरा असं विचारणाऱ्याला मी उलट विचारेन, तुम्ही कोणाच्या अंगणात उभे राहून ऐकताय?

हा वाद जुना होऊन मिटलाय असंही नाही. बेनिनच्या परंपरेत ओदुदुवा हा मुळात बेनिनचाच, हद्दपार झालेला एकालादेरहान नावाचा राजपुत्र मानतात. २००४ मध्ये बेनिनचे ओबा, म्हणजे राजे, एरेदियाउवा यांनी आत्मचरित्रात हे पुन्हा ठामपणे मांडलं आणि नायजेरियातल्या वर्तमानपत्रांत इफे विरुद्ध बेनिन असं रण पेटलं. बाप कोण आणि लेक कोण, एवढाच प्रश्न होता, पण त्यावर राजांच्या मानाचा क्रम अवलंबून आहे.

योरुबांच्या गोष्टींचं सर्वांत मोठं कोठार मात्र इफा या कौल लावण्याच्या पद्धतीत आहे. बाबालावो, म्हणजे कौल लावणारा जाणकार, ताडाच्या १६ बिया दोन्ही हातांत धरतो आणि उजव्या हाताने एकदम सगळ्या उचलायचा प्रयत्न करतो. डाव्या हातात एक उरली तर समोरच्या लाकडी ताटातल्या भुकटीत बोटाने दोन रेघा ओढायच्या. दोन उरल्या तर एक रेघ. एकही उरली नाही किंवा दोनापेक्षा जास्त उरल्या तर तो डाव बाद, पुन्हा उचलायचं. आठ वेळा खूण उमटली की चार-चारच्या दोन उभ्या ओळी होतात. प्रत्येक ओळीचे १६ प्रकार, म्हणून एकूण २५६ ओदू, म्हणजे खुणांच्या आकृत्या. प्रत्येक ओदूखाली कित्येक पद्यकथा, आणि व्यवसाय सुरू करण्याआधी प्रत्येकातल्या किमान चार तरी तोंडपाठ हव्यात, म्हणजे हजाराच्या वर. माणूस आपला प्रश्न सांगतही नाही. बाबालावो म्हणत जातो, आणि ऐकणारा आपली गोष्ट ओळखतो.

या पद्यकथांची चाल ठरलेली आहे. आधी पूर्वी कौल लावणाऱ्याचं नाव, मग तो ज्याच्यासाठी लावला त्याचं: माणूस, झाड, पक्षी, नदी, गाव, कुणीही. तो कशासाठी आला, त्याला काय वाहायला सांगितलं, त्याने ते वाहिलं की नाही, आणि काय झालं. वाहायच्या वस्तू मोजून सांगितलेल्या असतात: इतक्या कवड्या, इतकी कबुतरं, इतक्या कोंबड्या, अंगावरचं वस्त्र. एखाद्या प्राण्याचं रूप आज असं का आहे याचं उत्तर बहुधा तिथेच मिळतं. त्याने मागितलेली किंमत मोजली नाही किंवा अर्धवट मोजली. म्हणजे प्रत्येक उत्पत्तिकथा एक झालेला निकाल आहे, आणि समोर बसलेला अशील त्यावरून स्वतःचं ठरवतो. युनेस्कोने २००५ मध्ये इफाला मानवी वारशात जागा दिली ती रास्तच.

पूर्वेकडे इग्बो लोकांत एन्री हे गाव आहे. तिथली किंमत ऐकताना घसा कोरडा पडतो. मूळपुरुष एरी आकाशातून आला तेव्हा पाय ठेवायला घट्ट जमीन नव्हती, म्हणून तो वारुळावर उभा राहिला. चुक्वू देवाने आव्का गावचा लोहार पाठवला. त्याने भाता आणि कोळसा पेटवून चिखल वाळवला. एरी होता तोवर आकाशातून अन्न येत होतं. तो गेला आणि अन्न थांबलं. मुलाने, एन्रीने, तक्रार केली. देव म्हणाला, तुझा पहिला मुलगा आणि पहिली मुलगी मारून पुर. त्याने ते केलं. मुलाच्या थडग्यावर यमचा वेल आला, मुलीच्या थडग्यावर अळकुडीचं पान. काही पाठांत गुलामांनाही पुरलं जातं, आणि त्यातून तेलाचा ताड आणि विलायती फणसासारखं उक्वा हे झाड उगवतं. त्यांची नावं कुणी सांगत नाही. इग्बो शेतीत यम हे पुरुषांचं पीक आणि अळकुडी बायकांचं, हे या दोन थडग्यांशी जाऊन भिडतं. या किंमतीच्या बदल्यात एन्रीला यमची औषधी करण्याचा, मातीचा विटाळ काढण्याचा आणि ओझो ही पदवी देण्याचा मान मिळाला. आव्काच्या लोहारांना भात्याचा. आव्काचे लोहार कुठल्याही गावात निर्धास्त शिरत त्याला या कथेचं बळ होतं. जवळच्याच इग्बो-उक्वूला १९५९-६० मध्ये उत्खनन झालं तेव्हा नवव्या शतकाच्या आसपासची अतिशय नाजूक ओतीव कांस्यकामं निघाली. त्यांतल्या चेहऱ्यांवर कोरलेल्या रेघा एन्रीच्या पदवीधारकांच्या कपाळावरच्या ‘इची’ व्रणांसारख्या आहेत. भाता गोष्टीत उगाच आलेला नाही.

सगळ्याच किंमती इतक्या भयंकर नसतात. असांते सांगतात की न्यान्कोपॉन पूर्वी अगदी जवळ, डोक्याशी होता. एक म्हातारी रोज फुफू कुटायची. उकडलेला यम किंवा साबुकंद आणि केळी रुंद, उथळ उखळात घालून कुटतात. मुसळ माणसाच्या उंचीहून लांब असतं आणि उभ्याने चालवतात. दुसरं माणूस उखळाशी बसून ओल्या हाताने गोळा उलटत राहतं, ठोका आणि हात आळीपाळीने. ताल चुकला की बोटं चेंगरतात. जुन्या मुसळाचं टोक तंतू सुटून कुंच्यासारखं पसरतं. तर या म्हातारीचं मुसळ वर उचललं की देवाला लागायचं. तो म्हणाला, तू असं करतेस म्हणून मी वर जातो, आणि गेला. म्हातारीने मुलांना सांगितलं, असतील तेवढी उखळं आणा, एकावर एक रचा. रचत रचत देवापाशी पोचायला एकच उखळ कमी पडलं. म्हातारी म्हणाली, सगळ्यांत खालचं काढा आणि वर ठेवा. ढिगारा कोसळला, पुष्कळ माणसं मेली. यातली सर्वांत खरी गोष्ट मला ही वाटते की दुसऱ्या दिवशी फुफू कुटणं थांबलं असं कुणी सांगत नाही.

माली देशातल्या डोगोन लोकांच्या उत्पत्तिकथेबद्दल सावधपणे बोलायला हवं. १९४६ मध्ये मार्सेल ग्रिओल या फ्रेंच अभ्यासकाने ओगोतेमेली नावाच्या अंध वृद्ध शिकाऱ्याशी ३३ दिवस बोलून एक अत्यंत गुंतागुंतीचं विश्व मांडलं. ते जगभर गाजलं. पुढे वॉल्टर व्हान बीक यांनी त्याच भागात बरीच वर्षं काम केलं आणि १९९१ मध्ये लिहिलं की त्या विश्वाचा मोठा भाग डोगोन लोकांना ठाऊकच नाही. एका हुशार म्हाताऱ्याला एका उत्सुक पाहुण्याने रोज नवा प्रश्न विचारला, तर नवी उत्तरं तयार होणारच. तिथे ‘थांब’ म्हणून गाणं सुरू करणारा कुणी श्रोता नव्हता.

आणि एक गोष्ट अजून विकली गेलेली नाही. मालीतल्या कांगाबा गावात कामाब्लोन नावाची गोल, मातीची झोपडी आहे, वाचेचं घर. ती १६५३ मध्ये बांधली असं सांगतात. दर सात वर्षांनी तिचं गवताचं छप्पर बदलतात. जुनं छप्पर उतरवणं आणि नवं चढवणं हे विशी-एकविशीतल्या तरुणांचं काम, वडीलधारे सांगत असतात. जवळच्या केला गावचे दियाबाते घराण्याचे ग्रिओ, म्हणजे वंशपरंपरेने कहाणी जपणारे भाट, रात्री आत जातात आणि मान्दे लोकांची मूळकहाणी म्हणतात. बाहेरच्याला आत प्रवेश नाही, यंत्रालाही नाही. भिंतीला लागून गर्दी उभी असते, आतून आवाज येत असतो, आणि सकाळी नवं पिवळं गवत झोपडीवर चढतं.